खळ देणारं गाव, खळ खाणारे जीवाणू

सायझिंगच्या कारखान्यामागची ओली माती, फक्त एक ग्रॅम. भिवंडीत एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी करणाऱ्याला प्रॅक्टिकलसाठी याहून चांगला नमुना मिळायचा नाही.

सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ देणं. मागावर फणीत घासून सूत तुटू नये म्हणून त्यावर स्टार्चचा लेप चढवतात, सुकवतात आणि बीमवर गुंडाळतात. कापड विणून झालं की हीच खळ नकोशी होते, कारण ती राहिली तर रंग सारखा चढत नाही. पूर्वी ती आम्लानं काढायचे. त्यात जरा चूक झाली की खळीबरोबर सूतही जायचं. १९१७ च्या सुमारास बोइदँ आणि एफ्राँ यांनी जीवाणूंपासून मिळवलेलं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, पुढे आणलं आणि हे काम त्याच्यावर सोपवता आलं. आता जिथे वर्षानुवर्षं खळ सांडते, तिथल्या मातीत ती खाणारे असणारच की!

शहरातल्या बी. एन. एन. महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजीचा विभाग आहे. नावातली आद्याक्षरं भिवंडी निजामपूर नगरपालिकेची. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, कॉलेजचं नाव तेच राहिलं. अशा विभागांत डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरचं कौतुक जास्त असतं. पण तयार किट उघडून नळी यंत्रात ठेवण्यात हात फारसा तयार होत नाही. अमायलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये होतो.

मातीचा तो एक ग्रॅम ९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये ढवळायचा. त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, त्यातलं पुन्हा पुढच्यात. सहाव्या नळीतल्या एका मिलीत मूळ मातीचा दहा लाखावा हिस्सा उरतो. त्यातलं ०.१ मिली स्टार्च घातलेल्या अगारवर पसरायचं आणि प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी वर आयोडीन ओतलं की सगळी प्लेट निळीकाळी होते. ज्या वसाहतीनं स्टार्च खाल्लंय, तिच्याभोवती तेवढं स्वच्छ कडं उमटतं. पहिल्यांदा ते दिसलं की बॅचमधली मुलं प्लेट उजेडाकडे धरून एकमेकांना दाखवत सुटतात. मग कोणीतरी ती वसाहत पुढे वाढवायला जातं, आणि ती वाढतच नाही. आयोडीन जंतुनाशक असतं, म्हणून आधी दुसऱ्या प्लेटवर तिची नक्कल काढून ठेवायची असते. पुस्तकात ही एकच ओळ असते. आठवड्याची मेहनत वाया गेली की पाठ होते.

मायक्रोपिपेटचंही तसंच. जर्मनीत मारबुर्गला हाइनरिख श्निट्गरनं १९५७ मध्ये ती बनवली, तोंडानं ओढायच्या काचेच्या पिपेटला कंटाळून. तिच्या दट्ट्याला दोन थांबे असतात. घेताना पहिल्यापर्यंत दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवखा अंगठा घेतानाच दुसऱ्यापर्यंत जातो आणि टिपमध्ये जास्त द्रव चढतो. हे डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे डीएनएस चाचणीत उघडं पडतं. त्या चाचणीत अमायलेजनं स्टार्चपासून सोडवलेली साखर डीएनएससोबत (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लासोबत) उकळतात. पिवळा रंग नारिंगी-तांबडा होत जातो आणि तो स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५४० नॅनोमीटरला मोजतात. तीन नळ्यांत एकच नमुना, आणि तीन आकडे तीन दिशांना! जर्नलमध्ये मग कोणता लिहायचा? शिक्षक चांगले असतील तर तिन्ही लिहायला लावतात. आलेख सरळ यावा म्हणून आकडे ‘बसवण्याची’ सवय इथेच लागते, किंवा इथेच मोडते.

पुढची पायरी ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, कापडाची. आपल्या जीवाणूंपासून मिळवलेल्या अमायलेजमध्ये त्याचा तुकडा भिजवायचा, धुवायचा आणि आयोडीनचा थेंब टाकून पाहायचा. निळा रंग आला नाही म्हणजे स्टार्च गेलं. तरी कापड कधीकधी हाताला ताठच लागतं. हल्ली खळीत स्टार्चबरोबर पीव्हीएही (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) मिसळतात, आणि त्याच्यापुढे अमायलेजचं काही चालत नाही. तो गरम पाण्यानंच धुवावा लागतो. त्यामुळे तुकडा आणायला जाताना खळीत काय काय पडतं, तेही सायझिंगवाल्याला विचारून यावं लागतं. तो सहसा सांगत नाही.