गायाहून सापीला, तारेवरून

पूर्व मलेशियातल्या साबा राज्यात, कोटा किनाबालू शहरासमोरच्या समुद्रात गाया आणि सापी ही बेटं एकमेकांना खेटून उभी आहेत. मध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी. मोठ्या ओहोटीला तिथली वाळू उघडी पडते आणि लोक चक्क चालत पलीकडे जातात. याच पट्टीवर 'कोरल फ्लायर' नावाची झिपलाईन ताणलेली आहे: सुमारे 250 मीटर लांबीची पोलादी तार, एक टोक गायाच्या डोंगरउतारावर, दुसरं सापीच्या किनाऱ्यावर. जिथे पायी जाता येतं तिथे लटकत जायला पैसे मोजायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. वरच्या फलाटावर उभं राहिलं की वाटत नाही.

शहरातल्या जेसलटन पॉइंट जेट्टीवरून सापीला पोहोचायला स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटं लागतात. तिथे नाव नोंदवायचं, हार्नेस आणि हेल्मेट चढवायचं आणि होडीने समोर गायावर उतरायचं. मग चढण. ती लांब नाही, पण विषुववृत्ताजवळची दमट हवा अंगाला चिकटते आणि थोड्याच पावलांत घामाच्या धारा लागतात. भोवती मात्र अस्सल वर्षावन आहे. गायाचं जंगल 1923 सालापासून राखीव आहे, म्हणून इतक्या मोठ्या शहराच्या दारात ते टिकलं. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं आणि धनेश इथे राहतात. दिसतीलच असं मात्र नाही.

झिपलाईनमध्ये इंजिन नसतं. वरचं टोक उंच, खालचं सखल. कप्पीला लटकलेलं शरीर आपल्याच वजनाने घरंगळत जातं. विहिरीवरच्या कप्पीचंच हे धाकटं भावंड म्हणायचं. वजनदार माणूस जोरात जातो; हलका माणूस समोरून वारा आला तर रखडू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी वजन बघतात, आणि सोसाट्याचा वारा किंवा विजा असतील तर खेळ बंद ठेवतात. यावर हुज्जत घालू नये. खाऱ्या हवेत पोलादाला गंज लवकर चढतो, त्यामुळे इथे काटेकोरपणा हवाच.

पाय सुटले की पहिले दोन-तीन क्षण पोटात गोळा येतो, मग नजर खाली जाते. वाळूवरचं पाणी फिकट हिरवं, प्रवाळ असेल तिथे काळपट तपकिरी ठिपके, खोल भागात निळं. होडीतून हा नकाशा कधीच दिसत नाही. मिनिटभराच्या आत सापीची वाळू पायाशी येते. एवढ्याशा वेळात मोबाईलवर चित्रीकरण करत बसणाऱ्याला काय दिसत असेल, कोण जाणे!

ही बेटं एकेकाळी मुख्य भूमीवरच्या क्रॉकर पर्वतरांगेचाच भाग होती. हिमयुग सरलं, समुद्र चढला आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. गायाला माणसांचा इतिहासही आहे. तेव्हा साबाचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश नॉर्थ बोर्निओ कंपनीने 1882 मध्ये इथे ठाणं वसवलं. कंपनीच्या करांना आणि कारभाराला विरोध करणाऱ्या मात सालेह या स्थानिक पुढाऱ्याने जुलै 1897 मध्ये ते जाळून टाकलं. कंपनीने पुन्हा बेटावर बस्तान बसवलंच नाही. 1899 मध्ये समोरच्या किनाऱ्यावर जेसलटन उभं राहिलं. तेच आजचं कोटा किनाबालू. म्हणजे हे शहर किनाऱ्यावर आलं ते एका बंडामुळे. झिपलाईनच्या जाहिरातीत यातलं काही नसतं. बेटाच्या शहराकडच्या बाजूला खांबांवर उभी असलेली पाण्यातली वस्ती आहे, तिथेही पर्यटकांच्या होड्या सहसा थांबत नाहीत.

1974 मध्ये गाया-सापी परिसराचं सागरी उद्यान जाहीर झालं आणि त्याला मलेशियाचे पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांचं नाव मिळालं. पुढे मानुकान, मामुतिक आणि सुलुग ही बेटं त्यात आली. उद्यानाचा बराचसा भाग समुद्राचाच आहे.

सापी बेट जेमतेम 25 एकरांचं. दुपारी तिथे इतके लोक उतरतात की वाळूवर बसायला जागा शोधावी लागते. माकडं पिशव्या पळवतात, उपाहारगृहाच्या मागे घोरपडी फिरतात. सकाळची पहिली होडी पकडणं हाच उपाय.

मुंबईहून क्वालालंपूर गाठून पुढे अडीच-एक तासांचं विमान धरावं लागतं. साबाचे इमिग्रेशनचे अधिकार वेगळे असल्याने देशांतर्गत विमानातून उतरल्यावरही पासपोर्ट दाखवावा लागतो. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सवलत चालू आहे का, ते तिकीट काढण्यापूर्वी तपासा. झिपलाईन त्या दिवशी चालू आहे का, हेही जेट्टीवरच विचारून घ्या.

केवळ तारेवरच्या या मिनिटभरासाठी साबापर्यंत जाऊ नये. किनाबालू शिखर किंवा जंगल बघायला गेलात, तर मात्र अर्धा दिवस या दोन बेटांना द्या, आणि झिपलाईनच्या फलाटापाशी थांबण्याआधी गायाच्या जंगलातल्या पायवाटेवरून थोडं चाला.