सिलिकॉन शोधकांची चाचणी
सर्न येथील सीएमएस प्रयोगाच्या प्रीशॉवर विभागासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने सिलिकॉन पट्टी-शोधक विकसित केले. ६३ मिमी बाजूच्या, सुमारे ०.३ मिमी जाडीच्या प्रत्येक चौरस शोधकात ३२ पट्ट्या असतात. वेगवान विद्युतभारित कण आरपार गेल्यास सुमारे २३ हजार इलेक्ट्रॉन मुक्त होतात. हा संकेत अतिक्षीण असल्याने कण नसतानाही वाहणारा गळती-प्रवाह अत्यल्प असावा लागतो. म्हणून शोधकास उलट दिशेने दिलेला विद्युतदाब टप्प्याटप्प्याने वाढवून प्रत्येक पट्टीचा प्रवाह मोजतात. तो अचानक वाढल्यास दोष उघड होतो. धारितेच्या मापनावरून शोधक संपूर्ण जाडीत कार्यक्षम होण्याचा दाब ठरतो. प्रयोगात बसविलेला शोधक बदलणे अत्यंत कठीण असते. सबब ही पूर्वचाचणी अपरिहार्य ठरते.