चढ, उतार आणि एक केळं

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये तो एक ब्लॉक आठवतो का? इन्क्लाइन्ड प्लेनवर बिचारा सेमिस्टरभर घसरत असतो. मला तो कधी कळलाच नव्हता. गेल्या हिवाळ्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एक दिवस मी स्वतःच तो ब्लॉक झालो, आणि मग सगळं समजलं.

मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल. तुळशी आणि विहार हे दोन तलाव त्यातच आहेत आणि बिबटेही त्यातच. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून आम्ही तिघे रविवारी सकाळी पोचलो आणि गेटच्या आत भाड्याने सायकली घेतल्या. साध्या, बिनगिअरच्या. बेत एवढाच की सहा-सात किलोमीटरवरच्या कान्हेरी लेण्यांपर्यंत जायचं, लेणी बघायची आणि परत यायचं. "यात काय आहे?" असं मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो.

सुरुवातीचा रस्ता खरंच सोपा. दोन्ही बाजूंना झाडी, मध्येच रस्त्याच्या कडेला चितळ. पण लेणी जवळ आली तशी चढण सुरू झाली आणि माझी ऐट संपली.

आता गंमत बघा. माझं वजन ६० किलो, सायकल १५ किलो. समजा १०० मीटर उंची चढायची आहे. आपला लाडका एमजीएच लावला की उत्तर येतं साधारण ७३,५०० जूल. घर्षण आणि हवा सोडून द्या. आपलं शरीर खाल्लेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाव हिश्शाचंच पेडलवर काम करतं, म्हणजे खर्च सत्तर-ऐंशी किलोकॅलरी. एका मध्यम केळ्यात शंभरच्या आसपास असतात. थोडक्यात, १०० मीटरचा डोंगर चढायला एक अख्खं केळंसुद्धा लागत नाही!

मग एवढा दम का लागतो? कारण प्रश्न एनर्जीचा नसून पॉवरचा आहे. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ ताशी १० किलोमीटरने चढलो, तर फक्त उंचीसाठी सुमारे २०० वॉट लागतात. सराव नसलेल्या आपल्यासारख्यांना शंभरएक वॉट बराच वेळ झेपतात. दोनशेला थोड्याच वेळात तोंडाला फेस येतो. बरं, हळू चालवावी तर बिनगिअरची सायकल ऐकत नाही. पेडलच्या एका फेऱ्यात ती पाचएक मीटर पुढे जाते, त्यामुळे चढावर अख्खं वजन पेडलवर टाकलं तरी जेमतेम हलते. गिअरच्या सायकलला सगळ्यात खालच्या गिअरमध्ये एका फेऱ्यात दोनच मीटर जायचं असतं. काम तेवढंच, पण छोट्या हप्त्यांत.

मी दात-ओठ खात उभ्याने पेडल मारत होतो. माझा मित्र मात्र शांतपणे उतरला आणि सायकल ढकलू लागला. मी त्याला हसलो. पाच मिनिटांनी मी रस्त्याच्या कडेला बसून धापा टाकत होतो आणि तो शीळ घालत पुढे गेला. ताशी ४ किलोमीटरने चालत तोच चढ चढला तर उंचीसाठी ८० वॉट पुरतात. म्हणजे उतरून ढकलणं ही हार नाही, तो बिनगिअरच्या सायकलचा सगळ्यात खालचा गिअर आहे! शिवाय चालताना आजूबाजूचं दिसतं. उतारावरची कारवीची झुडपं मला त्यानेच दाखवली. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. इथे २०१६ मध्ये फुलली होती, मग २०२४ मध्ये.

वर पोचलो. शंभरावर लेणी, सगळी बेसाल्टच्या खडकात कोरलेली, आणि भिक्षूंसाठी पावसाचं पाणी साठवायची टाकी. आमची केळी मात्र माकडांनी पळवली. त्यामुळे वरचा प्रयोग थिअरीपुरताच राहिला.

खरी गोष्ट परतीला घडली. चढताना कमावलेले सगळे जूल उतारावर परत मिळतात आणि ते एकतर वेगात जातात, नाहीतर ब्रेकच्या रबरात. मी वेगात जाऊ दिले. एका वळणावर अचानक समोर डोक्यावर मोळी घेतलेल्या एक बाई. ब्रेक दाबले, पण रबर झिजलेलं होतं आणि निघताना मी तपासलंच नव्हतं. सायकल कडेच्या मातीत घातली, गुडघा फुटला. बाईंना धक्का लागला नाही, हे नशीब.

"लागलं का रे?" त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाल्या, "हळू चालवा, बाबांनो. आम्ही इथंच राहतो."

"सॉरी, मावशी," एवढंच तोंडातून निघालं. या जंगलात आदिवासी पाडे आहेत, हे मला माहीत होतं. पण उतारावर ते आठवलं नाही.

घरी येऊन हिशोब केला. सपाट कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि विचार करायला एक सेकंद धरला, तर ताशी १५ किलोमीटरवरून थांबायला सुमारे ७ मीटर लागतात. वेग दुप्पट केला की २० मीटर. उतारावर त्याहून जास्त. ते वळण मला वीस मीटर दाखवतच नव्हतं!

म्हणून जाणार असाल तर निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नको. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू लावा. पुढचा एकदम दाबला तर मागचं चाक उचलतं. आणि वळणापलीकडे कोणीतरी आहेच, असं धरूनच चालवा. चितळ असेल, माकडाचं पिल्लू असेल, नाहीतर आपल्या घरी निघालेल्या मावशी.

चढावर उतरायला लाजू नका आणि उतारावर ब्रेक लावायला तर मुळीच लाजू नका. आणि हो, केळी बॅगेच्या आत ठेवा!