डोया, शाया आणि खानेसुमारी

मराठीतला ‘ळ’ उच्चारताना जीभ मागे वळवून टाळूला टेकवावी लागते. खानदेशातल्या अहिराणी बोलीनं ते टेकणं सोडून दिलं. डोळ्याचा डोया झाला, काळ्याचा काया, शाळेची शाया. व्यंजनाची पकड अशी सैल होणं अनेक भाषांत घडतं. एरंडोलपासून धुळ्यापर्यंत ते इतक्या नेमानं घडलंय की त्याला चूक म्हणायला जागाच नाही. कवयित्री बहिणाबाईंची बोली लेवा पट्ट्यातली, तरी तिच्यातही हाच ‘य’ आहे.

सैल होण्याची, खचण्याची भाषाही इथली वेगळी. बैल सुटला की ‘दोर सुटी गया’, खाट लोंबकळू लागली की ‘बाज ढिली व्हई गयी’, तापानं मोडलेला माणूस ‘थकी गया’. त्या ‘गया’मुळे दोष कुणावर येत नाही, जे हातचं गेलं, ते आपसूक गेलं.

अहिराणी मात्र आपसूक ढिली झाली नाही. 1907 साली ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीच्या खंडात न घेता भिल्ली भाषांच्या सोबत बसवलं गेलं. पुढे शाळा वाढल्या त्या प्रमाण मराठीच्या. पाटीवर ‘शाया’ लिहिलं की रेघ ओढली जायची आणि वर्ग हसायचा. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तेव्हापासून चारचौघांत अहिराणी बोलणं सोडलं, ते आजतागायत. मला याचा राग येतो, कारण त्या पोरांचा उच्चार बिनचूक होता.

1952 मध्ये बहिणाबाईंची गाणी छापून आली आणि खानदेशाच्या बोलीला महाराष्ट्रभर मान मिळाला. पण कवितेला मिळालेला मान बोलणाऱ्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला.

खानेसुमारीचे आकडे बघा. 1991 मध्ये खानदेशी मातृभाषा सांगणारे पावणेदहा लाखांच्या आसपास होते. 2001 मध्ये ते 20 लाख 75 हजारांवर गेले आणि 2011 मध्ये 18 लाख 60 हजारांवर आले. दहा वर्षांत माणसं काही दुप्पट होत नाहीत. घरात ‘काय करी राह्यना?’ विचारणारा माणूस दारात आलेल्या प्रगणकाला मातृभाषा कोणती सांगतो, यावर हा आकडा बराच हलतो. अहिराणी सांगायची लाज पाटीवरच्या रेघेपासून सुरू होते, म्हणून एरंडोलच्या बालवाडीतल्या बाईंनी पोराशी आधी अहिराणीत बोलावं आणि पाटीवरच्या ‘शाया’शेजारी ‘शाळा’ लिहून द्यावं. रेघ ओढू नये.