आडवी बाटली
गावातलं दारूचं दुकान बंद करायला आमदाराच्या दारात जावं लागत नाही. महाराष्ट्र सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही शिक्का कुठे मारायचा ते कळतं.

खरी मेख पुढे आहे. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. यादीत 1,000 बायका असतील, तर किमान 501. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंतपणाला गेलेली, नाव न वगळलेली मयत बाई, या सगळ्या नकळत दुकानाच्याच बाजूला मोजल्या जातात. ही अट मला अन्यायाची वाटते. म्हणूनच जाणत्या बायका आधी मतदारयादी हातात घेतात, नावं तपासतात आणि मतदानाच्या दिवशी घरोघर जाऊन एकेकीला केंद्रापर्यंत घेऊन येतात.