दुखण्याची आणेवारी

शेतकऱ्याचे अंग दुखते, ही काही नवी वार्ता नव्हे. वखर हाकला की खांदे भरतात, निंदण केले की कंबर धरते, कापूस वेचला की बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलतात, आणि संत्र्याच्या बागेत फळतोड केली की हातापायांवर काट्यांचे ओरखडे उठतात. परतवाड्याच्या बाजारात औषधाच्या दुकानापुढे घटकाभर उभे राहिले, तर खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी हटकून एकच मागणी करिताना दिसतात: "अंगदुखीची गोळी द्या." कोणते अंग, किती दिवसांपासून, सोबत ताप आहे की नाही, हे देणारा पुसत नाही व घेणाराही सांगत नाही.

आम्ही वैद्य नव्हे व डॉक्टरही नव्हे. महसूल खात्यात कारकुनी करण्यात उमेद गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर सातपुड्याच्या पायथ्याशी असलेली थोडीशी वडिलार्जित जमीन करून राहतो. तेव्हा नवे औषध सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. परंतु अंदाज कसा काढावा व नोंद कशी ठेवावी, हे खात्याने आम्हास पक्के शिकविले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

पिकाची आणेवारी आपणा सर्वांस ठाऊक आहे. जुन्या हिशेबात पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे; आता तीस पैसेवारी म्हणतात, व ती ५० पैशांखाली गेली की गाव टंचाईत मोजले जाते. हा अंदाज एकदाच होत नाही. प्रथम नजरअंदाज, मागाहून सुधारित व शेवटी अंतिम, अशा तीन पायऱ्यांनी तो ठरतो. असे का? कारण सडकेवरून पाहिलेली पऱ्हाटी फसवी असते. बाहेरून हिरवीगार दिसावी, आणि आत शिरून बोंड फोडावे तो अळीने पोखरलेले निघावे, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. दुखण्याचेही तसेच आहे. दुखणे किती मोठे वाटते आणि ते किती धोक्याचे आहे, ही दोन अगदी निरनिराळी मापे होत. एकाच्या मापाने दुसरे मोजू गेल्यास घात होतो.

हे ज्ञान आम्हास फार महाग पडले. सात वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात गव्हाची मळणी चालू असता आमचे वडीलबंधू दुपारी घरी आले व ओसरीवर बाजेवर टेकले. म्हणाले, "बापू, जरासा बाम चोळ. काल पोतं उचललं तवापासून खांदा भरला हाये." आम्ही बाम चोळिला. चोळताना हाताला घाम लागत होता. आम्ही म्हटले, ऊन लागले असेल. वहिनींनी पित्त झाले म्हणून लिंबाचे सरबत दिले. तासाभराने बरे वाटते म्हणून ते आडवे झाले, आणि दिवस मावळण्यापूर्वीच घरात रडारड सुरू झाली. दुखणे खांद्याचे नव्हते, हृदयाचे होते. घरापासून रुग्णालय अर्ध्या तासाच्या वाटेवर होते. ज्या हातांनी आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिकांची आणेवारी लिहिली, त्याच हातांनी घरच्या माणसाच्या दुखण्याची चुकीची आणेवारी केली. असो.

नजरअंदाज

कोणतेही दुखणे आले की प्रथम एवढेच पाहावे, की हे थांबण्यासारखे आहे काय. पुढील दुखणी प्रथमदर्शनी लहान दिसतात. परंतु त्यांस घरी एक तासही ठेवू नये.

पहिले छातीचे. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, ती कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत अथवा खांद्यात जाणे, आणि सोबत थंड घाम, धाप किंवा मळमळ असणे. कित्येकांस छातीत कळ येतच नाही, केवळ पित्तासारखी जळजळ होते. स्त्रियांत व मधुमेह्यांत ही लक्षणे अधिकच अंधुक असतात. अशा माणसास चालवू नये, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये; १०८ क्रमांकास बोलावून तडक रुग्णालयी न्यावे.

दुसरे फवारणीचे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर विषारी औषधे फवारताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले, आणि वीसांहून अधिक जण प्राणास मुकले. त्या साली पऱ्हाटी नेहमीहून उंच वाढली होती. त्यामुळे औषधाचा फवारा पायांशी न पडता तोंडावर व छातीवर येत होता. विषबाधेचा आरंभ अगदी किरकोळ असतो: डोके जड होते, मळमळते, डोळ्यांतून पाणी येते, तोंडास लाळ सुटते, घाम फुटतो, नजर अंधारते. माणूस म्हणतो, "ऊन लागलं." वास्तविक यांपैकी बरीच औषधे जी क्रिया किडीवर करितात तीच माणसावर करितात. मज्जातंतू स्नायूंस जो निरोप धाडतात, तो पोहोचल्यावर मिटविणारे द्रव्य शरीरात असते. विष त्या द्रव्यासच निकामी करिते. मग निरोप मिटत नाही, ग्रंथी पाझरत राहतात, स्नायू थरथरतात, आणि अखेरीस श्वास चालविणारे स्नायूच थकतात. म्हणून फवारणाऱ्याचे डोके दुखले की पंप तेथेच खाली ठेवावा, कपडे उतरवावे, साबणाने अंग धुवावे, आणि औषधाचा डबा अथवा त्यावरील चिठ्ठी सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. डॉक्टरास कोणते विष ते कळले तर योग्य उतारा वेळेवर देता येतो. दूध किंवा लिंबू पाजण्यात वेळ दवडू नये.

तिसरे मण्यारीचे. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज येत नाही, कित्येकदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते व घसा धरल्यासारखा होतो. घरचे ओवा देतात. ज्याच्या पापण्या मिटू लागल्या आहेत व ज्याची बोली जड झाली आहे, त्याचे पोट दुखणे हे पोटाचे नव्हे, हे जाणून त्यास प्रतिविषाकरिता रुग्णालयी न्यावे. खाटेवर निजणे व मच्छरदाणी खोचून घेणे हा यावरील स्वस्त व उत्तम उपाय होय.

चौथे तान्ह्या मुलाचे. आमच्या परतवाड्याहून वर चढले की मेळघाट लागतो. तेथे तान्ह्याचे पोट फुगले म्हणजे तापविलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची चाल अद्यापि पुरती गेलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातील एका गावी अवघ्या बावीस दिवसांच्या बालकास असे साठांहून अधिक चटके दिल्याचे उघडकीस आले. हे वाचून आम्हा सखल भागातील लोकांस त्या मातापित्यांचा राग येतो. परंतु त्यांनीही समोर जे दुखत होते त्यावर घरी जे होते तेच केले. त्यांच्या विळ्यास नावे ठेवण्यापूर्वी आम्ही आमची बामाची बाटली आठवितो. मूल अंगावर पीत नसेल, निपचित पडले असेल, त्यास ताप असेल वा श्वास जलद चालत असेल, तर गावच्या आशाताईस हाक मारावी व आरोग्य केंद्र गाठावे, यात कोणासही कमीपणा नाही.

सुधारित अंदाज

वरील कोणतीही खूण नसेल, तर दुखण्यास दोनतीन दिवसांची मुदत देण्यास हरकत नाही. आपली बहुतेक दुखणी या सदरात पडतात, आणि ती घरच्या घरी बरी होतात.

कंबरेत उसण भरली तर आठ दिवस खाटेवर पडून राहू नये. सोसवेल तितके हिंडते फिरते राहावे व गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. पोते उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे व ओझे अंगाशी धरावे. पाय लचकला तर पहिला दिवसभर थंड पाण्याची घडी ठेवावी, पाय उंचावर ठेवावा, चोळू नये. मात्र कंबरदुखीसोबत पाय बधिर झाला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी डॉक्टरास दाखवावे.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाय धुऊन बेचकी कोरडी पुसणे हे निम्मे औषध होय. काटा रुतला किंवा विळा लागला तर जखम साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, त्यावर चुना, तंबाखू वा माती दाबू नये, आणि धनुर्वाताची सुई घ्यावी. कुत्रा चावला तर जखम लहान असो की मोठी, पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लस त्याच दिवशी सुरू करावी.

बहिरमच्या जत्रेत हंडीचे मटण व रोडगे खाऊन पोट बिघडले, तर जुलाब बंद करणाऱ्या गोळीपेक्षा गेलेले पाणी भरून काढणे महत्त्वाचे. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट प्यावे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्याने असंख्य जीव वाचविले. जे द्रव्य कोणत्याही झोपडीत आहे, त्याचीच ही करामत. परंतु रक्त पडत असेल, लघवी थांबली असेल वा डोळे खोल गेले असतील, तर हे पाणी पाजीत पाजीतच रुग्णालयी न्यावे.

खोकल्यास कोमट पाणी, मध, व आपल्या अंजनगाव सुर्जीकडे पिकणारी पानपिंपरी, ही जुनी माणसे देत आली आहेत. साध्या खोकल्यास मधाने आराम पडतो. मात्र वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये.

आता गोळीविषयी. अंगदुखीची गोळी दुखणे दाबते, कारण काढीत नाही. उपाशी पोटी घेतलेली अशी गोळी जठरास व्रण पाडते, आणि महिनोन्महिने घेतली तर मूत्रपिंड बिघडविते. यांतीलच डायक्लोफिनॅक नावाचे औषध पूर्वी गुरांस सर्रास टोचीत. अशी गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि देशातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. अखेर २००६ साली गुरांकरिता त्याचा वापर बंद करण्यात आला. माणसाचे शरीर गिधाडाचे नव्हे हे खरे. परंतु ज्यास रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याने डॉक्टरास पुसल्यावाचून अशी गोळी घेऊ नये, आणि इतरांनीही जेवणानंतर दोनतीन दिवसांपलीकडे घेऊ नये.

अंतिम अंदाज

जे दुखणे दोन आठवड्यांत गेले नाही, ते लहान असे म्हणण्याचा अधिकार आपला राहिला नाही. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला म्हणजे क्षयाकरिता थुंकी तपासून घेणे. सरकारी रुग्णालयात ती तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. खर्रा किंवा तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात पांढरा चट्टा वा न भरणारी जखम राहिली, तर ती दुखत नाही म्हणून आनंद मानू नये. तसेच अंगावरील फिकट चट्ट्यास स्पर्श कळेनासा झाला, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. ज्या रोग्यांस घरदार पारखे झाले त्यांच्याकरिता दाजीसाहेब पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन उभारिले. आज तोच रोग वेळेवर ओळखला तर औषधाने पुरता बरा होतो. दुखत नाही, हेच त्याचे फसवे लक्षण.

आमच्या घरी आता देवघराजवळ एक साधी वही टांगलेली आहे. तीत रकाने आखले आहेत: तारीख, नाव, काय दुखते, सोबत काय आहे, काय केले, आणि शेवटी शेरा. पाच ओळींस पाच मिनिटे पुरतात. "सोबत काय आहे" हा रकाना भरताना माणसास घाम आहे काय, ताप आहे काय, फवारणी केली होती काय, हे पुसावेच लागते, आणि पुसले की निम्मा अंदाज आपोआप निघतो. डॉक्टरासही ती वही उपयोगी पडते. गेल्या पावसाळ्यात आमच्या बागेतील एका मजुराचे डोके दुखू लागले. वहीत लिहिताना त्याने सकाळी फवारणी केल्याचे निघाले, व आम्ही त्यास तसेच अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयी नेले. तिसऱ्या दिवशी तो घरी आला. त्याच्या ओळीपुढे शेरा आहे: "बरा."

वहीतील पहिली ओळ आमच्या वडीलबंधूंची आहे. ती मागाहून लिहिली. "काय दुखते": खांदा. "सोबत काय आहे": घाम. "काय केले": बाम चोळिला. पुढील रकाना आम्ही कोरा ठेविला आहे. आमच्या शेतकरी बंधूंनी आपापल्या घरी अशी एक वही टांगावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करितो.