जस्ताला आडवे बसवण्याची युक्ती

टॉर्चमधल्या साध्या कोरड्या सेलचे डबडे जस्ताचे असते. सेल वापरताना हे जस्त विरघळत जाते आणि सेल संपला की आपण तो टाकून देतो. जस्त-आयन घटात मात्र घट चार्ज करताना विरघळलेले जस्त पुन्हा ऋणाग्रावर बसवायचे असते. जस्त स्वस्त आहे आणि द्रावण पाण्यातले असल्याने पेट घेत नाही. मग अडचण कुठे आहे?

जस्ताचा पत्रा सपाट दिसला तरी त्यावर सूक्ष्म उंचवटे असतात. टोकाजवळ विद्युतक्षेत्र तीव्र असते, हे आपण तडितरक्षक शिकवताना सांगतोच. तेथे आयन जास्त ओढले जातात, त्यामुळे उंचवटा आणखी वाढतो. अशा वाढलेल्या फांद्या मधला पडदा भेदून धनाग्राला टेकल्या, की घट आतल्या आत शॉर्ट होतो.

यावरचा एक उपाय स्फटिकशास्त्रातून आला. जस्ताच्या अणूंची मांडणी षट्कोनी असते. ग्राफीनमधली कार्बनची जाळीही षट्कोनी. २०१९ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील लिंडन आर्चर यांच्या गटाने पोलादावर ग्राफीनचा थर दिला. दोन्ही जाळ्या बऱ्याच जुळत असल्याने जस्ताचे चपटे स्फटिक त्यावर फरशीसारखे आडवे बसले, आणि हजारो वेळा बसवता-काढता आले.

वर्गात झिंक सल्फेटच्या द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या एकमेकींना न टेकवता ठेवा व दोन सेल जोडा. थोड्या वेळाने ऋण टोकाला जोडलेली पट्टी भिंगातून पहा. जस्त मध्यभागी जास्त साचते, की कडांवर? का?